डहाळ्यांचा मांडव

वैशाखातलं लोणारचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला ते सांगायला नको, आणि ज्यानं सोसलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. सकाळचे दहा वाजत नाहीत तो अंगणातली माती पायाला चटके द्यायला लागायची, तळ्याकडून वारा आलाच तर खारट, शेवाळी, किंचित कुबट वास घेऊन यायचा, आणि अशा वेळी ज्याच्या घरी लग्न असेल त्याच्या दारात पाऊल टाकलं की एकदम गार, ओल्या सालीचा, नुकत्या मोडलेल्या पानांचा वास अंगावर यायचा. जांभळाच्या ताज्या डहाळ्यांचा तो वास. कितीतरी वर्षं झाली, कुठं कुठं राहून झालं, पण गारवा म्हटलं की मला अजून तोच वास आठवतो. तुमच्यापाशी आज त्या मांडवाबद्दलच बोलत बसावंसं वाटतंय.

आमच्या घरचा, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या गल्लीचा, मांडव घालायचे ते आमचे मोठे काका. ते काही त्यांचं पोटापाण्याचं काम नव्हतं. शेती करायचे, बोलायचे कमी, पण कुणाच्या घरी लग्न निघालं की त्या घरचा माणूस आधी काकांकडे यायचा, ओट्यावर बसून पाणी प्यायचा, आणि काका काही न विचारता गोठ्याच्या आढ्याकडे बघायचे. तिथं बल्ल्या ठेवलेल्या असत. सागाच्या, धावड्याच्या, काही नुसत्या बांबूच्या, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळवंडलेल्या. त्यातल्या काही आमच्या, काही शेजारच्यांच्या, काही कुणाच्या हे कुणालाच आठवत नसलेल्या. एकाकडच्या लग्नात त्या जात, तिथून दुसऱ्याकडे, आणि पावसाळा तोंडावर आला की पुन्हा आमच्या गोठ्यात परत येत. त्यांचा हिशेब कुणी ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि हरवल्याचंही आठवत नाही.

मग डहाळे आणायचा दिवस. गाड्या जुंपल्या जात, बैलांच्या शिंगांना काही ना काही बांधलं जाई, पुढं डफडं वाजत असे आणि मागं आम्ही पोरं. तळ्याच्या विवरातल्या जंगलातलं काही तोडायचं नाही हा काकांचा शिरस्ता सरकारी नियमाच्याही आधीचा होता. ते जंगल अभयारण्य झालं ते २००० साली, पण काका म्हणत ते कमळजा मायचं रान आहे, आपलं नाही. म्हणून डहाळे यायचे ते शेतांच्या बांधांवरून, नाल्याकाठच्या जांभळांवरून, कुणाच्या विहिरीवरच्या आंब्यावरून, आणि झाडाच्या मालकाला विचारलं तर तो विळा घेऊन स्वतःच झाडावर चढायचा. भरलेल्या गाड्या दारात आल्या की घरातल्या बाया बाहेर येत, बैलांच्या पायावर पाणी घालत, कुंकू लावत, गाडीवाल्याला गूळपाणी देत. नवरदेवाच्या स्वागताआधी आमच्याकडे हे डहाळ्यांचं स्वागत व्हायचं आणि मला लहानपणी तेच जास्त आवडायचं, कारण त्यात रडणं नव्हतं.

मेढ रोवायची ती मुहूर्त बघून. खड्ड्यात हळद-कुंकू पडायचं, तांदूळ पडायचे, एखादं नाणं पडायचं, मेढीला आंब्याची पानं आणि पिवळ्या कापडात हळकुंड-सुपारी बांधली जायची, आणि सवाष्णींचे हात लागले की मगच काका तो खड्डा पायानं दाबून घट्ट करायचे. पुढचं काम भराभर व्हायचं, पण काकांचा भाग तेवढा सावकाश. अंबाडीची दोरी आदल्या रात्रीच हौदात भिजत टाकलेली असे, म्हणजे ती मऊ होते, वळते, तुटत नाही. ती ओली दोरी ते दातात धरत, दोन्ही हातांनी बल्ली आणि आडवं लाकूड एकमेकांवर आणत, मग तोंडातून दोरी सोडवून तिरपा एक वेढा, उलटा एक वेढा, दोन लाकडांच्या मधून एक कच्चून आवळणारा, आणि शेवटचं टोक अंगठ्यानं आत ढकलून वरून दोन थापा. त्या अंगठ्याच्या नखाला कायम हिरवट काळी कड असायची. गाठ वरून दिसायचीच नाही. चार दिवसांनी मांडव उतरवताना तेच टोक ते नखानं उचकत आणि सगळा वेढा एका ओढीत सुटून यायचा. विळा लावावा लागला तर ती गाठच नव्हे, असं त्यांचं मत होतं.

डहाळे टाकताना मात्र त्यांचा आवाज चढायचा. “पोट्टेहो, बुडखा उन्हाकडं, शेंडा माणसाकडं!” असं ते खालून ओरडत, आणि वर चढलेली पोरं फांद्या फिरवून ठेवत. त्यामुळं मांडवात उभं राहून वर पाहिलं की आपल्याकडे वळलेली पानंच पानं दिसत, त्यांच्या फटींतून ऊन गाळून गाळून खाली येई आणि सारवलेल्या जमिनीवर, बायांच्या पाठीवर, निवडायला घेतलेल्या तांदळाच्या सुपात सारखं हलत राही.

पहिल्या दिवशीचा मांडव हिरवा असायचा, ओलसर, मधूनच अंगावर मुंगळा टाकणारा. दुसऱ्या दिवशी पानं माना टाकायची आणि वास बदलायचा, थोडा चहाच्या चोथ्यासारखा व्हायचा. हळदीच्या दिवशी त्यात ओल्या हळदीचा, तेलाचा, बायांच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास मिसळायचा. लग्नाच्या दिवशी चुलवणाचा धूर, बुंदीचं तूप, पळसाच्या पत्रावळींवर गरम वरण पडलं की उठणारा तो वेगळाच वास, आणि वांग्याच्या भाजीचा तिखट ठसका. दुपारी पंगती उठल्यावर त्याच मांडवात सतरंज्या अंथरून वऱ्हाड आडवं व्हायचं. कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाचं कोण ते नीट माहीत नसलेली म्हातारी, सगळ्या एका ओळीत, डोक्याखाली हात घेऊन. वर वाळत चाललेली पानं वाऱ्यानं सळसळायची. रात्री गॅसबत्त्यांचा फर्र फर्र आवाज, त्यांच्याभोवती किडे, जात्यावरच्या गाण्यांचे सूर, आणि एखाद्या बल्लीला पाठ टेकून बसलेले काका, डोळे मिटलेले, पण झोपलेले नाहीत, कारण मधूनच त्यांचा हात वर जाऊन एखादी गाठ चाचपून यायचा.

आमच्या गावाची गोष्टच मुळी छप्पर उघडण्याची आहे, तुम्ही ऐकली असेल. लवणासुर जमिनीखाली लपून राहायचा आणि लोकांना छळायचा, विष्णूनं त्याच्या विवरावरचं झाकण पायाच्या अंगठ्यानं उडवलं आणि त्याला मारलं. त्याच्या रक्तामांसाचं हे खारट तळं झालं, अशी आजी सांगायची. शास्त्रज्ञ सांगतात की आभाळातून आलेली उल्का इथल्या काळ्या बेसॉल्टवर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खळगा पडला. दोन्ही गोष्टींत वरचं आच्छादन एका क्षणात जातं आणि खालची पोकळी उघडी पडते. अशा गावच्या माणसांना डोक्यावर सावली घालायची एवढी हौस असावी यात मला नवल वाटत नाही.

ज्या विष्णूनं हे केलं त्याचं दैत्यसूदनाचं मंदिर गावातच आहे. उन्हाळ्यात शाळा सुटली की आम्ही तिथं जायचो, देवासाठी म्हणाल तर थोडं, गारव्यासाठी जास्त. चांदणीच्या आकाराची बैठक, बाहेरच्या भिंतींवर कोनाकोनांतून वळत जाणाऱ्या मूर्ती, आणि आत पाऊल टाकलं की अंधार. डोळे सरावायला वेळ लागायचा. वटवाघळांचा उग्र वास, तेलाचा वास, पायाखाली गुळगुळीत थंड दगड, आणि मग हळूहळू सभामंडपाचे खांब एकेक करून पुढं यायचे. छतावर पुराणातल्या कथा कोरलेल्या आहेत. कुणी बॅटरी लावली की तेवढाच तुकडा उजळायचा, एखादा हात, एखादा मुकुट, आणि बॅटरी पुढं सरकली की तो पुन्हा काळोखात जायचा. एकदा काका बरोबर होते. बराच वेळ ते वर बघत उभे राहिले, मग एका खांबाला हात लावून, जिथं खांब संपतो आणि तुळई बसते तिथं बोट दाखवून म्हणाले, “पाय बाई, देवाले बी मांडवच लागला. फकस्त डहाळे दगडाचे.”

त्या वयात मला ते नुसतं बोलणं वाटलं. पुढं मोठेपणी कार्ल्याच्या लेण्यात उभी राहिले तेव्हा त्या बोलण्याचं वजन कळलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून केलेलं ते चैत्यगृह, आणि त्याच्या दगडी कमानीला आतून लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या लावलेल्या आहेत, त्याच जुन्या काळच्या. डोंगराला काही लाकडाचा टेकू लागत नव्हता. पण ज्या हातांनी ते कोरलं, त्यांना आधी लाकडाचे मंडप उभारायची सवय होती, आणि माणसं जमायची जागा म्हणजे वर फासळ्या, खाली खांब, मध्ये सावली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. भाज्यालाही तेच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला वीस खांबांचा मंडप पाहताना मला आमचं अंगण दिसलं, तिथंही खांबांच्या मधून माणसं ये-जा करत असतील, कुणी बसलं असेल, कुणी आडवं झालं असेल. दगडाचे सगळे मंडप हे कधीतरी कुजून गेलेल्या लाकडाच्या, पानांच्या मांडवांची आठवण धरून उभे आहेत, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. आमच्या विवरातल्या पडक्या देवळांमध्ये, रामगयेपाशी, वाघ महादेवापाशी, सीताफळाच्या झाडीत नुसते खांब उभे दिसतात आणि वर छत नसतं, तेव्हा तर हे फारच जाणवतं.

आणि किती कामांना यायचा मांडव! परसात दोडक्याच्या, वालाच्या वेलाला चार काठ्यांचा मांडव असायचा, त्याच्या सावलीत आई भांडी घासायची. सप्त्यात कीर्तनाचा मांडव, त्यात आठ दिवस बुक्क्याचा आणि उदबत्तीचा वास दरवळत राहायचा आणि शेवटच्या दिवशी काल्याच्या दह्याचा. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना आमच्याकडे यायची, तेव्हा वारकऱ्यांच्या जेवणासाठी घातलेला मांडव, आणि त्यात बसलेली दमलेली, भेगाळलेल्या टाचांची माणसं. गणपतीचा मांडव. जिजाऊंच्या जन्मदिवशी, १२ जानेवारीला, शेजारच्या सिंदखेड राजाला लोटणाऱ्या गर्दीसाठीचा मांडव. आणि तेरवीचा मांडव, ज्याला मुहूर्त नसायचा, हळकुंड नसायचं, डहाळेही नसायचे. त्याच बल्ल्यांवर नुसतं एक पाल ओढलेलं असायचं. ज्या बल्लीला काल हळद लागली होती तीच बल्ली कुणाच्या तरी तेराव्याला उन्हात उभी असायची, आणि काका दोन्हीकडे सारख्याच गाठी मारायचे.

राजकारणातही मांडव किती मोठी कामं करून गेला, हे नंतर वाचून कळलं. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी एका शामियान्यात जे घडलं ते तर प्रत्येक मराठी पोराला पाठ असतं. पण मला आपला वाटतो तो फैजपूरचा मांडव. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं, ते खानदेशातल्या फैजपुरात, नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि गावात मिळेल त्या सामानानं, गावच्या कारागिरांच्या हातानं सगळं उभारायचं ठरलं. बांबू, चटया, गवत. एवढा मोठा चित्रकार, पण त्यानंही बांबू बांधायला कुणीतरी आमच्या काकांसारखाच बसवला असणार, दातात दोरी धरलेला. अधिवेशन संपलं, माणसं गेली, बांबू सोडवले गेले. त्या हातांची नावं कुठंही लिहिलेली नाहीत.

आमच्याकडे मांडव जायला लागला तेव्हा तो जातोय असं कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी डहाळ्यांच्या वर ताडपत्री आली, अवकाळीची भीती म्हणून. मग चौकात बिछायत केंद्र निघालं आणि लोखंडी पाईप, रंगीत कनाती, झालरीची छतं, प्लास्टिकच्या खुर्च्या टेम्पोतून यायला लागल्या. डहाळे शकुनापुरते राहिले, चार कोपऱ्यांत चार. बांधावरची जांभळं तोवर गेलीच होती, कुणी विहीर खणताना, कुणी बांध सपाट करताना, काही रस्ता रुंद झाला तेव्हा. गाड्या-बैलही कमी झाले. मग लग्न अंगणातूनच उठलं आणि मंगल कार्यालयात, गावाबाहेरच्या लॉनवर गेलं. घरच्या बायांचे हाल वाचले, पाहुण्यांची सोय झाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या कापडाच्या छताखाली बसलं की ऊन एकजात गुलाबी नाहीतर पिवळं दिसतं, ते हलत नाही, आणि वास येतो तो गोदामात घडी करून ठेवलेल्या कापडाचा, सगळ्यांच्या लग्नांत तोच.

काकांनी घातलेला शेवटचा डहाळ्यांचा मांडव माझ्या लग्नाचा. तेव्हा ते थकले होते, बल्लीवर चढायचे नाहीत, खाली खाटेवर बसून सांगायचे, आणि पोरांना गाठ जमेना म्हणून शेवटी प्रत्येक जोड त्यांच्यापुढं आडवा धरला जायचा आणि ते बसल्या बसल्या बांधून द्यायचे. मांडवपरतणीला मी आले तेव्हा पानं पार वाळून तपकिरी झाली होती, हात लावला की चुरा व्हायचा, आणि त्या चुऱ्यालाही वास होता, धान्याच्या कणगीत असतो तसा कोरडा, गोडसर. काका म्हणाले, “घे बाई पाहून, उद्या उतरवतो.” मी पाहिला. उतरवताना मात्र मी नव्हते, सासरी निघाले होते.

ते गेले तेव्हा त्यांच्या तेरवीला बिछायत केंद्राचा टेम्पो आला. चार पोरं उतरली, भली होती, चपळ होती, आमच्याकडे न बघता तासाभरात पाईप जोडून पांढरं कापड ताणून मोकळी झाली. नटबोल्ट आवळल्याचा आवाज तेवढा आला. कुणाला हाक मारावी लागली नाही, कुणाकडे काही मागायला जावं लागलं नाही, गल्लीतली माणसं जेवायच्या वेळेला आली आणि हात धुऊन गेली. मी मागं गोठ्यात जाऊन आले. बल्ल्या आढ्यालाच होत्या, अंबाडीच्या दोरीची एक गुंडाळी खुंटीला होती, वाळून कडक झालेली, आणि तिच्या टोकाला अजून त्यांच्या गाठीचा पीळ होता.

पुढं कधीतरी आणखी एका उतरवलेल्या मंडपाबद्दल वाचलं. बार्सिलोनात १९२९च्या जागतिक प्रदर्शनात जर्मनीसाठी मीस व्हान डेर रोहे या वास्तुकारानं काच, पोलाद आणि संगमरवराचा एक मंडप उभारला होता. पुढच्याच वर्षी तो उतरवला गेला. पण लोकांना तो विसरवेना, आणि १९८६ साली जुने फोटो आणि नकाशे पाहून, त्याच जागी, तो पुन्हा तसाच उभा केला. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं की आमच्या मांडवाचा नकाशा कुठून आणणार? तो कागदावर कधी उतरलाच नव्हता. तो दर खेपेला गल्लीतल्या माणसांच्या येण्यातून उभा राहायचा. बल्ली एकाची, झाड दुसऱ्याचं, बैल तिसऱ्याचे, पाणी घालणारी चौथ्याची सून. दैत्यसूदनाचा मंडप शतकानुशतकं उभा आहे, कारण तो एकदा घडवला की भागलं. त्याला पुन्हा कुणाची गरज लागली नाही. डहाळ्यांच्या मांडवाला दर वेळी सगळेच लागत, म्हणून तो पाच दिवसांचा असून पिढ्यान् पिढ्या टिकला, आणि सगळे लागेनासे झाले तेव्हा एका पिढीत गेला.

कधी लोणारला आलात तर झऱ्याच्या धारेवर हातपाय धुवा, दैत्यसूदनाच्या सभामंडपात डोळे सरावेपर्यंत थांबा, आणि खांब जिथं तुळईला मिळतो तिथं जरूर बघा. आमच्या घरीही या, जेवून जा. मांडव मात्र तुम्हाला दाखवता यायचा नाही. ती गाठ आता आमच्यात कुणालाच येत नाही.